झांगदेवाच्या पायाशी

"मी नाही काढणार झांगदेव." चांगशेंगने कुंचला खाली ठेवला. "वीस वर्षं काढतोय. माझ्या पोरीच्या वेळी कुठं गेला होता तो?"

सुयुनला गोवराने नेऊन अठरा दिवस झाले होते. सहा वर्षांची होती. आकाशातला काळा कुत्रा लेकरं पळवायला उतरतो आणि झांगदेव बाण मारून त्याला हुसकावतो, म्हणून जिंगडेझेन या कुंभारांच्या गावात लेकुरवाळ्या घरांत त्याचं चित्र असलेली चिनी मातीची थाळी असायची. चांगशेंगच्या घरातली थाळी त्याने पोरीला पुरून आल्यावर अंगणात आपटली. तुकडे आईने वेचले.

आज तीच म्हातारी एक कोरी पांढरी थाळी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली होती.

"एवढी एक काढ. माझ्यासाठी. देवाच्या पायाशी एक मुलगा आणि एक मुलगी."

"मुलगी? अगं आई, तिथं पोरगेच असतात. लोक हसतील."

"हसू देत. माझे दात पडले तेव्हाही हसलेच की."

अठरा दिवसांत पहिल्यांदा त्याचे ओठ हसल्यासारखे जरासे हलले. त्याने कुंचला उचलला.

देव झाला, धनुष्य झालं, मुलगा झाला. मग मुलगी. कपाळ, फुगरे गाल, हनुवटी, हनुवटीवरचा तीळ.

"तीळ पूस," आई म्हणाली.

"तिला होता."

"पूस म्हटलं ना. आणि डोळे मिटलेले ठेव."

सुयुनचे डोळे त्यानेच मिटले होते. त्याने तीळ पुसला आणि पापण्या मिटलेल्या काढल्या.

"आता पोराचा हात तिच्या हातात दे."

"हो, सोबत हवीच तिला," तो म्हणाला. "एकटी झोपायची नाही कधी." आणि मग त्याला आवरेना. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रंगाने माखलेली त्याची बोटं ती बाहीने एकेक करून पुसत राहिली.

बऱ्याच वेळाने तो उठून बसला.

"चांगली उतरलीय ना गं आपली सुयुन?"

म्हातारीने थाळीवरून नजर काढली नाही.

"ही सुयुन नाही रे बाळा. ही तुझ्या पाठोपाठ जन्मली, त्याच दिवशी. पूर आला होता, घरात दाणा नव्हता, दूध एकापुरतंच होतं. तिने डोळे उघडायच्या आत घंगाळात पाणी मीच भरलं."