मातेचा सहभाग

"केस क्रमांक तीन," शिपायाने दारातून पुकारलं आणि ललिता स्वतःच्या मुलीला, सृष्टीला, घेऊन आत गेली. मागोमाग तिचा नवरा दिनेश. तो आज मुलीचा बाप होता, पण ललिताचा कुणी नव्हता.

स्वमग्न व्यक्तींचे आकलन व साहाय्य या पदव्युत्तर पदविकेची प्रात्यक्षिक परीक्षा होती. नियम क्रमांक अकरा स्पष्ट होता : विद्यार्थ्याने स्वतःचा नातेवाईक केस म्हणून आणू नये, आणल्यास परीक्षा रद्द. वर्गात सहा जणी. त्यातल्या पाच जणींच्या घरी असं एकेक माणूस होतं, म्हणून तर त्यांनी प्रवेश घेतला होता. केसेसची आपसात अदलाबदल करून पाहिली, पण सृष्टी परक्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. ललिताच्या पदवीच्या कागदांवर माहेरचं आडनाव होतं. तेवढ्यावर निभावून न्यायचं ठरलं.

पास झाली तर सातपूरच्या एका खासगी शाळेत तिला नोकरी होती आणि शिक्षिकेची मुलगी म्हणून सृष्टीला प्रवेश. सतरा वर्षांच्या सृष्टीला दुसरी कुठली शाळा घेत नव्हती.

बाहेरचे परीक्षक खैरनार सर धुळ्याहून आले होते. सकाळची मिसळ त्यांना थोडी जड झाली होती. "करा सुरू," ते म्हणाले.

ललिताने कार्डं दाखवायला घेतली. ग्लास. कंगवा. रिक्षा. सृष्टी खिडकीकडे बघत एकेक नाव सांगत गेली. गठ्ठ्याच्या तळाशी ललिताच्या फोटोचं कार्ड होतं. त्याखाली स्केचपेनने लिहिलेलं 'आई' सृष्टीच्या तोंडी यायला चार वर्षं लागली होती. त्यावर आता डिंकाने 'मॅडम'ची पट्टी चिकटवलेली होती. ते आठ दिवसांत जमलं होतं.

सरांना त्या कार्डापर्यंत थांबायचं नव्हतं. त्यांनी पेन ललिताकडे रोखलं.

"आणि ह्या कोण गं?"

दिनेश पंख्याकडे बघायला लागला. पंखा बंद होता.

"मॅडम," सृष्टी म्हणाली.

"वा! मॅडमचं नाव?"

"ललिता मॅडम."

"उत्तम." सर दिनेशकडे वळले. "आई नाही आली हिची?"

"कामात आहे सर."

"कसलं काम?"

"असंच... परीक्षेबिरीक्षेचं."

"मॅडम, बघा. मुलगी सतरा वर्षांची, आणि आईला वेळ नाही. पंचवीस वर्षं बघतोय मी. बाप येतो, शेजारी येतात, आया येत नाहीत. लाज वाटते त्यांना."

"तसं नाही हो सर," दिनेश म्हणाला. "उलट ती..."

ललिताच्या हातातली कार्डं खाली पडली. दिनेशने ती वाकून गोळा केली आणि वर येईपर्यंत त्याचं वाक्य बदललं होतं.

"कमीच पडते जरा," तो म्हणाला.

"लिहून घ्या मॅडम. मातेचा सहभाग अपुरा."

ललिताने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"आता त्या बाईंचं समुपदेशन करावं लागेल. किती सत्रं लागतील? दोन मार्कांचा प्रश्न आहे."

ललिताने विचार केला. "बारा."

"पंधरा धरा. अशा बायका लवकर कबूल होत नाहीत."

"हो सर."

सरांनी शेऱ्याच्या रकान्यात 'व्यावसायिक अंतर उत्तम राखले' असं लिहून सही केली. विभागप्रमुख सविता मॅडमना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कागदाकडे न बघता खाली सही केली आणि सरांच्या चहात साखर घालायची का, ते विचारलं.

"अभिनंदन मॅडम," दिनेश दारातून बाहेर पडताना मोठ्याने म्हणाला. ऐकायला शिपाई होता.

पंचवटीकडे जाणाऱ्या रिक्षात तिघं बसली. सृष्टी मध्ये. पुलावर रिक्षा अडकली. दिनेश म्हणाला, "तू कार्डं पाडलीस ते बरं केलंस. माझ्या तोंडून गेलंच होतं."

"काय गेलं होतं?"

"काही नाही. आता राहू दे."

ललिताने पिशवीतून फोटोचं कार्ड काढलं आणि सृष्टीच्या समोर धरलं. मग नखाने पट्टीचा कोपरा उचलला. पट्टी सावकाश निघाली, आणि तिच्यासोबत खालचा कागदही. फोटोखाली पांढरा खरबरीत चौकोन राहिला.

"पेन असेल ना तुझ्याकडे?" दिनेशने विचारलं.

पेन होतं. रिक्षा हलत होती.

सृष्टीने कार्ड तिच्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पिशवीत, रिक्षाच्या कार्डामागे, त्याच्या जागी नीट ठेवून दिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पाणी."

ललिताने बाटलीचं झाकण उघडून बाटली पुढे केली. सृष्टी तिच्या हातूनच घटाघटा प्यायली.