वाफ घालवायचं बटण

नव्या गाडीतली सगळी बटणं काढून कंपनीने मोठा टचस्क्रीन बसवला होता. चाचणी विभागाच्या ताईंची सही झाली की गाडी बाजारात जाणार होती. ताईंनी कंपनीच्या साहेबांनाच चाचणीच्या मैदानावर गाडी चालवायला बसवलं. गारठ्यात समोरची काच वाफेने धुरकटली. वाफ घालवायला साहेबांनी स्क्रीनवर बोट फिरवलं. आधी गाणं लागलं, मग नकाशा उघडला आणि गाडीने ओळीने मांडलेले शंकू आडवे केले. “होईल हो सवय,” साहेब घाम पुसत म्हणाले. “लोकांना नवं हवंय. सही करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा.” ताईंनी पर्समधून जुन्या गाडीचं वाफ घालवायचं गोल बटण काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. “स्क्रीनशेजारी हे बसवा, सही करते.” “ताई, लोक हसतील! जुनाट म्हणतील!” “हसू देत की,” ताईंनी पेनाला टोपण लावलं. “घरी पोचून हसू देत.”