चांदणीचा मालक

"थे पांढरी घोडी माही हाये. खोलून दे, गाडी उभी हाये बाहेर."

वरातीला घोडी पुरवणाऱ्या दिनेशनं फाटकातूनच ऑर्डर सोडली. मंगलीच्या हातातली भाताच्या तनसाची पेंडी हातातच राहिली.

नानाजी खाटेवर बसून चहा फुंकत होता. मूल शहराच्या अलीकडच्या खेड्यात, बंद राइस मिलच्या मागं टिनाचं शेड टाकून त्यानं अन् चार रिकामटेकड्या दोस्तांनी नको झालेले घोडे सांभाळायचा उद्योग मांडला होता. लंगडे, आंधळे, वरातीतून काढलेले. बायकोनं घराबाहेर काढलं म्हणून नानाजी घोड्यांत राहतो, असं गाव म्हणायचं. ही बातमी पसरवली होती खुद्द नानाजीनंच.

"थे तं चांदणी हाये," तो म्हणाला. "मंगलीनं आणली, आठ महिने झाले. तवा खुरात किडे वळवळत होते."

"बिजली नाव हाये तिचं. दारातून दावा तोडून पळाली रातच्या. तवापासून शोधून राह्यलो. तुळशीचं लगीन झालं, सीझन सुरू झाला, एकवीस वराती बुक हायेत मायाकडे."

मंगली घोडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ती पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावची. घोडी इथं आणली अन् तीही इथंच राहिली. रोज दोनदा लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं खूर धुतला, तेव्हा कुठं चौथ्या महिन्यात चांदणीनं तो पाय जमिनीला टेकवला. वरातीला पुन्हा जुंपली तर तो खूर महिनाभर टिकला नसता.

"नेजो ना बाप्पा," नानाजी म्हणाला. "पन पांढरी घोडी काय एकच हाये का जिल्ह्यात? उद्या नागभीडचा कोनी येईन, म्हनन माही हाये. तू पोलीस पाटलासमोर सिद्ध कर, अन् खुशाल घेऊन जा."

मंगलीनं नानाजीकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्याच्या हातातला चहा सांडला असता.

पोलीस पाटील इसरू वही घेऊन आला. दिनेशनं हाक मारली, "बिजलीऽऽ!" घोडीचे कान टणकन उभे राहिले.

"बिस्किटाचा पुडा वाजवला तरी असेच उभे होते," नानाजी म्हणाला.

"बरं," दिनेश म्हणाला. "कपाळावर एक भोवरा पाह्य. दुसरा आयाळीखाली, उजवीकडं. डाव्या मांडीवर डाग, फटाक्यानं भाजल्याचा."

इसरूनं आयाळ वर केली, मांडी पाहिली. सगळं जिथल्या तिथं. त्यानं लिहून घेतलं.

"भोवरे काय, कोनालेही दिसते," नानाजी म्हणाला.

मग दिनेशनं टाळ्यांवर बँडचा ठेका धरला. घोडीनं आधी एक पाय उचलला, मग दुसरा. नाचायलाच लागली. मंगलीनं तोंड फिरवलं.

"नानाजी, आता काय राह्यलं गा?" इसरू म्हणाला. "घोडी याचीच हाये."

नानाजीनं डोकं खाजवलं. शेडात गेला, पत्र्याच्या पेटीतून हातभर नायलॉनच्या दोरीचा दावा घेऊन आला. एका टोकाला जाड गाठ, दुसरं टोक कापलेलं.

"एवढंच राह्यलं. हा दावा घोडीसंगं भेटला. घोडी तुही असन तं दावाबी तुयाच पाह्यजे. नसन, तं घोडी इथीच राह्यते."

दिनेशनं दावा पाहिला अन् हसलाच.

"एवढं काय त्यात! हे गाठ पाह्य, इसरूभाऊ. तीन पिळांची, आत फासा. घोडी जेवढी वढन तेवढी आवळते. माह्या बापानं शिकवली मले."

"अशी गाठ तं मीबी मारतो," नानाजी म्हणाला.

"मार! मारून दाखव!"

नानाजीनं मारली. घोडीनं नुसती मान हलवली तरी सुटली असती. दिनेशनं दुसरी दोरी घेतली, खुंट्याला दोन वेढे दिले अन् डोळे मिटून तशीच गाठ आवळली. इसरूनं दोन्ही गाठी शेजारी धरल्या. तिळाचाही फरक नव्हता.

"दोन जिल्ह्यांत दुसरा कोनी हे गाठ मारत नाई," दिनेश म्हणाला.

"म्हंजे दाव्यावरची गाठ तूच मारली?"

"मीच."

"तुयाकडं एखादा नौकर-गिवकर असन, त्यानं—"

"काऊन मांगं लागून राह्यला बे! मी घोडीले दुसऱ्याच्या हातानं बांधूच देत नाई. लिवा पाटील, माह्या हातची गाठ हाये."

इसरूनं लिहिलं, वाचून दाखवलं. दिनेशनं खाली झोकदार सही ठोकली, नानाजीनं साक्षीदार म्हणून केली. मग दिनेश घोडी सोडायला निघाला.

"थांब थोडा," नानाजीनं कपातला शेवटचा घोट घेतला. "मंगली, मालक भेटला वं शेवटी. आता बोल. हे गाठ तुले कुठी दिसली, थे सांग पाटलाले."

"जंगलात," मंगली म्हणाली. "मोहफुलं वेचाले गेलती तवा. सागाच्या बुंध्याले बांधून होती घोडी. भवताली वाघाचे ताजे पंजे होते, अन् गाठ काई केल्या सुटे ना, म्हनून म्या विळ्यानं दावा कापला."