गुलाबी जोडी

सत्यनारायणाची कथा संपली, आरतीची वेळ झाली आणि निर्मलाताई तबक घेऊन, जमिनीला हातही न टेकता, पाटावरून उठल्या. शेजारच्या पाटावरचे त्यांचे यजमान, भालचंद्रराव, काही उठेचनात. रोज पहाटे टेकडी चढणारा, बायकोच्या गुलाबी डंबेल्सना खेळणी म्हणून हिणवणारा हा गडी; पण आता मांड्यांत जोरच येईना. अब्रू वाचवायला त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"काय समाधी लागलीय!" व्याही भारावून म्हणाले.

निर्मलाताईंनी मोकळा हात नवऱ्याच्या काखेत घालून त्यांना अलगद उभं केलं. तबकातल्या निरांजनाची ज्योत हललीसुद्धा नाही.

टाळ्यांच्या गजरात भालचंद्रराव कुजबुजले, "अगं, उद्यापासून ती गुलाबी जोडी मी घेऊ का?"

"एकदम नको हो," त्या ओवाळता ओवाळता म्हणाल्या, "आधी पाण्याच्या बाटल्या उचला."