सातवी रास

“सहाव्या पावलानंतर चक्कर आली, मी खाली बसले. एवढंच सांगायचं,” नवऱ्याच्या वकिलानं शालनला पढवलं होतं. “सातवं पाऊल पडल्याशिवाय सप्तपदीचं लग्न कायद्यानं पूर्ण होत नाही. लग्नच झालं नाही, तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा कसला? तो सुटेल.”

“मग मी त्यांची कोण?”

वकील हसला. “वहिनी, घरी तुम्हीच की.”

आता ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. समोरच्या बाकावर फिर्याद करणारी बाई बसली होती, नवऱ्याची पहिली बायको. अशी कुणी आहे, हे शालनला मांडव उतरल्यावर कळलं होतं.

“सहाव्या पावलानंतर काय झालं?” वकिलानं विचारलं.

“सातवं टाकलं.”

नवऱ्यानं मान वर केली. वकिलानं घसा खाकरला. “नीट आठवा. तुम्हाला चक्कर…”

“चक्कर आत्ता येतेय, तुमचं ऐकून. तेव्हा पाय घट्ट होते. तांदळाच्या सातव्या राशीवरची सुपारी टाचेला टोचली. मी कळवळले, तर हे कानाशी म्हणाले, ‘आता सुटका नाही.’”

पहिलीनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, ते कळलं नाही.

“बाई,” न्यायाधीश सावकाश म्हणाले, “पहिली बायको असताना केलेलं लग्न पूर्ण झालं तरी रद्दच ठरतं. तुमच्या हाती काहीच उरत नाही. समजतंय ना?”

“समजतंय. रद्द करा, साहेब. पण झालंच नाही, असं कुणी म्हणायचं नाही.”