दशांशचिन्ह

अपूर्वा लातूरच्या एका क्लासच्या ऑनलाइन परीक्षांचं काम बघायची. क्लासमधली जळकोटची विद्यार्थिनी बबिता तिला म्हणाली, “मॅडम, माझी दशांशातली उत्तरं बरोबर व्हती. शून्य कसं मिळालं?” अपूर्वाने पेपर तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चाचण्या क्लासच्या सर्व्हरवर चालवल्या, सगळ्या पास झाल्या. “तूच चुकली असशील,” ती म्हणाली. बबिताच्या वडिलांनाही तिने फोनवर तेच सांगितलं. बबिताची हुशारांची बॅच सुटली, पण अपूर्वाला चैन पडेना. चाचण्या चालवणारी तिची जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, फक्त सर्व्हरवर चालायची. मुलं तर ब्राउझरमध्ये पेपर सोडवायची. तीन दिवस खपून तिने ती दोन्हीकडे चालती केली. त्याच चाचण्या ब्राउझरमध्ये नापास झाल्या. तिथे उत्तरातलं दशांशचिन्हच गळत होतं. क्लासच्या सरांना चूक सांगून तिने धावतच बबिताचं हॉस्टेल गाठलं. बबिताने पेटी भरली होती. तिला गावी न्यायला आलेले वडील, अण्णा, दारात होते. अपूर्वा म्हणाली, “तुझी उत्तरं बरोबर होती.” बबिता म्हणाली, “मला ठावं व्हतं. हे अण्णांना सांगा. त्यांनी माझं न्हाई, तुमचं ऐकलं.”