ज्योतीवरची नळी

"नुसता वरचा भाग तापवायचा, ताई. पांढरं झालं की समजायचं, गळती चालू आहे. आणि घाबरायचं नाही." वॉर्डातल्या सिस्टरचा तो जुना आवाज आईच्या कानात अजून होता. तेव्हा पोर कडेवर मावत होती. आता ती आईच्या खांद्याला लागली होती. आई मात्र अजूनही रोज सकाळी तिच्या लघवीची काचेची नळी चिमट्यात धरून गॅसवर तिरकी करायची.

रोज नळीच्या तोंडाशी ढग दाटायचे, दूध नासावं तसे. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच पोरीच्या किडन्यांवर उठल्या होत्या. आतली गाळणी फाटली होती आणि अंगातलं सत्त्व लघवीवाटे वाहून चाललं होतं. गोळ्यांमागून गोळ्या झाल्या. चेहरा फुगला, पाय सुजले. आई शिवणकाम करायची. पोरीच्या कपड्यांची कंबर उसवता उसवता तिनं शिवणीत राखलेलं कापडही संपलं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता अँटिबॉडी देऊन बघू. प्रयोगशाळेत घडवलेली असते. या बिथरलेल्या पेशींना नेमकी हुडकून धरते. यानंही नाही भागलं, तर मात्र डायलिसिसचं बोलावं लागेल."

सलाईनमधून औषध थेंब थेंब उतरलं. पोर थंडीनं कुडकुडली, तेव्हा आईनं तिची पावलं पोटाशी घेतली. एवढ्याशा थेंबांना पोरीच्या अंगातली वाट कोण दाखवणार, हे काही तिला उमगेना.

काही आठवडे तसेच गेले. आज आईनं नळी ज्योतीवर धरली. वरचं पाणी उकळलं. बुडबुडे आले, विरले. ढग आलाच नाही. खात्रीसाठी तिनं व्हिनेगरचे थेंब टाकले, पुन्हा तापवलं. तरी नाही. नळीतून पलीकडची खिडकी लख्ख दिसत होती. जणू कुणीतरी पोरीच्या आत शिरून, टाकाही दिसू न देता, सगळं रफू करून गेलं होतं. ज्योत बंद करायचंही तिला सुचेना.

"काय गं, आज नळीशी गप्पा चालल्यात?" अर्ध्या गालाला साबण लावलेले बाबा दारात आले. त्यांनी वाकून पाहिलं, आणि हातातला वस्तरा तसाच राहिला. "अगं, हे तर आरपार आहे!"

"ओरडू नका."

"ओरडू नको तर काय करू? आधी डॉक्टरांना फोन लाव!"

"नाही लावायचा." आईनं गॅस बंद केला. ओठ घट्ट मिटले, मग म्हणाली, "गेल्या वर्षीही एकदा असंच झालं होतं. मी वेडी, गल्लीभर सांगत सुटले. दुसऱ्या सकाळी पुन्हा नासलेलं दूध. आता या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. हेही उद्या फिरेल."

"बघ गं चिमणे," बाबा मागे वळून म्हणाले, "चांगलं झालं तरी तुझी आई रुसलेलीच."

पोर केव्हाची भिंतीला टेकून उभी होती. बाबांच्या बोलण्याला ती हसली नाही. हलक्या पावलांनी ओट्याशी आली. नळीकडे बघत राहिली, नुकतं जन्मलेलं काही बघावं तशी. मग एका बोटानं तिनं काचेला स्पर्श केला. काच अजून ऊन होती.

"आई," ती म्हणाली. "गेल्या वर्षी ती लघवी नव्हतीच. तू फार रडायचीस. एक दिवस तरी हसावीस, म्हणून मी नळाच्या पाण्यात चहाचे थेंब टाकून ठेवले होते. हे मात्र माझं आहे."